लिंबू जास्त झालं

माझ्यामुळे नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या सव्वाशे माणसांच्या हातावर डाग पडला. हे मी पहिल्याच वाक्यात कबूल करून टाकतो, कारण आज ना उद्या कुठून तरी तुमच्या कानावर येणारच आहे. (तुम्ही लातूरचे असाल तर आलंही असेल. एकदा हात बघून घ्या.)

त्यातही लाजेची बाब अशी, की मी अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवतो. गेली पंचवीस वर्षं शिकवतोय. "कुठलंही द्रव्य हाताला लागू देऊ नका रे!" हे वाक्य मी वर्षातून शंभर वेळा तरी ओरडतो. आणि तोच मी, डोक्याला फेटा बांधून, लॉनच्या दारात उभा राहून, हसत हसत एकेका पाहुण्याचा हात हातात घेत होतो. पण क्रमानं सांगतो.

आमच्या गौरीचं लग्न लातूरच्या अभिजितशी ठरलं. मुलगा गुणी, इंजिनिअर, बोलायला मऊ. गौरीला तो आवडला होता, हे ती चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हाच मला कळलं, कारण तिनं पहिला कप त्याला दिला आणि मला द्यायचा विसरली. अडचण एकच होती आणि तिचं नाव कुसुमआत्या. अभिजितची आई तो चार वर्षांचा असतानाच गेली. त्याला वाढवलं ते या आत्यांनी, त्यामुळे त्या घरात शब्द त्यांचाच चाले. मध्यस्थानं आम्हाला आधीच सावध केलं होतं.

"सर, आत्याबाईंनी याच्याआधी दोन सोयरिकी मोडल्यात. एक, पोहे गार होते म्हणून."

"आणि दुसरी?"

"पोहे लई गरम होते म्हणून."

त्या दिवसापासून आमच्या हिनं, म्हणजे सुमननं, मला एकच मंत्र दिला. "अहो, साखरपुडा होईपर्यंत तुम्ही काही नवीन करू नका. जे सगळे करतात तेच करा."

आता आमच्याकडं सगळे काय करतात? मुलीचा बाप दारात उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावतो. पाहुण्याचा तो मान असतो आणि बापाचं ते काम. पण बाजारात मिळणाऱ्या त्या झगझगीत गुलाबी अत्तरानं आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्यांचं डोकं दुखलेलं आहे. तेव्हा मी ठरवलं, अत्तर लावायचं ते सगळ्यांसारखंच, पण ते आपलं असलं पाहिजे. आणि लिंबाचं असलं पाहिजे!

लिंबाचंच का, त्याला कारण आहे. गौरीला लहानपणापासून गाडी लागते. आम्ही एसटीनं लातूरला माझ्या बहिणीकडं जायचो तेव्हा लोहा येईपर्यंत तिचा चेहरा पांढरा पडायचा. मग मी खिशातून लिंबू काढून तिच्या हातात द्यायचो. ती नखानं त्याची साल थोडी खरवडायची, नाकाशी धरायची आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून अहमदपूरपर्यंत गप पडून राहायची. वीस वर्षं झाली, पण लिंबाची साल खरवडली की मला अजून मांडीवर तिच्या डोक्याचं वजन जाणवतं. तीच पोर आता त्याच रस्त्यानं कायमची जाणार होती. मला वाटलं, त्या दिवशी सगळ्या मांडवाला तिच्या लिंबाचा वास यावा. एवढीच माझी इच्छा होती. इच्छा चांगलीच होती, पुढचं सगळं माझं कर्तृत्व.

जुन्या नांदेडात हमीदभाईंचं अत्तराचं दुकान आहे. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी, आणि हमीदभाई माझे पंचवीस वर्षांचे दोस्त. मी त्यांना बेत सांगितला. ते बराच वेळ दाढी कुरवाळत बसले.

"सर, लिंबू म्हंजे दार उघडणारा मानूस हाय. 'या, बसा' म्हनतो आन निघून जातो. दहा मिनिटांत गायब!"

"परफ्युमवाले त्याला टॉप नोट म्हणतात," मी मोबाईलवर पाहिलेलं ज्ञान पाजळलं. "लिंबू, संत्रं, मोसंबी, सगळ्या टॉप नोट. त्याखाली हार्ट नोट, आणि सगळ्यात खाली बेस नोट."

"म्हनू द्या. माझे अब्बा लिंबाला 'सलाम' म्हनायचे. आल्या आल्या सलाम. मंग मोगऱ्यासंगं गप्पा. आन शेवटाला चंदन, ते अंगात मुरून बसतं. नुसता सलाम करत बसलं तर मानूस येडं वाटतं."

मी मान डोलावली. पटलं असं नाही, पण डोलावली.

पहिला प्रयोग केला घरच्या कुकरात. अर्धापूरला माझा धाकटा भाऊ केळी करतो आणि बांधावर त्यानं कागदी लिंबाची झाडं लावलीत. त्याला म्हटलं, थोडी लिंबं पाठव. त्यानं पोतं पाठवलं. मी साली काढून कुकरात घातल्या, शिट्टीच्या जागी रबरी नळी लावली, नळी बर्फाच्या बादलीतून फिरवली आणि थेंब थेंब वाफ गोळा केली. दोन तासांनी चमचाभर तेल निघालं. मी धावत हमीदभाईंकडं गेलो. त्यांनी हुंगलं आणि डोळे मिटले.

"सर, हे शिजलेलं लिंबू हाय. हे अत्तर न्हाई, हे लोणचं हाय."

घरी आलो तर सुमन कुकर घेऊन उभी होती. "वरणाला लिंबाचा वास, भाताला लिंबाचा वास! हे तेल मी मोरीत ओततेय!" आणि ओतलं. (हे तेल लक्षात ठेवा. या सगळ्या गोष्टीत निर्धोक असं तेवढंच होतं.)

मग मी कच्च्या सालीकडं वळलो. किसणीवर साल किसायची, मलमलीत बांधायची, पिळायची आणि वर तरंगणारं हिरवंगार तेल टिपून घ्यायचं. वास असा, की शेजारचे विचारायला आले, घर पुसताय का म्हणून! पण एका लिंबातून तेल निघतं दोन-चार थेंब. सव्वाशे पाहुण्यांसाठी पोतं संपलं, दुसरं आलं. घरात जिकडं तिकडं साल काढलेली, टकली लिंबं. आम्ही सरबत प्यायलो, लोणचं घातलं, भात, पोहे, उसळ, सगळ्यावर पिळलं. शेवटी मी गल्लीत वाटायला निघालो. पहिल्या दिवशी लोक आनंदानं घेत होते. चौथ्या दिवशी मला लांबून पाहिलं की दारं लावून घ्यायला लागले.

हमीदभाईंनी चंदन दिलं, मोगरा दिला आणि प्रमाणही सांगितलं. शंभर थेंबांत लिंबाचे दोन. मी दोन घातले, कागदाच्या पट्टीवर लावून हुंगले. दहा मिनिटांनी लिंबू गायब, नुसतं चंदन. मला कसंसंच झालं. माझ्या गौरीचं लिंबू दहाच मिनिटं? मी चार घातले. मग दहा. मग मोजणं सोडलं.

हमीदभाईंना नमुना दाखवला. "सर, लिंबू जास्त झालं."

आणखी मोगरा घालून पुन्हा दाखवला. "सर, लिंबू जास्त झालं."

तिसऱ्यांदा त्यांनी बाटलीचं बूच उघडायच्या आधीच सांगितलं. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "ऐका माझं. कच्च्या लिंबाचं तेल हाताला लावायचं न्हाई. बाहीला लावा, रुमालाला लावा. अब्बा तसंच सांगायचे."

"का पण?"

"ते आमी कधी इचारलं न्हाई."

आता बघा, मी विज्ञानाचा माणूस. ज्या नियमाचं कारण सांगता येत नाही तो मी मानत नाही, असं वर्गात छाती ठोकून सांगणारा. शिवाय अत्तर हाताच्या पाठीवर लावायची रीत. व्याह्यांच्या बाहीला कसं लावणार? शिंप्यासारखं? तरी शास्त्र म्हणून मी स्वतःच्या मनगटावर तीन दिवस लावून पाहिलं. स्वयंपाकघरात बसून, पंख्याखाली. काहीही झालं नाही. प्रयोग यशस्वी! एक गोष्ट तेवढी तपासायची राहिली आणि ती म्हणजे ऊन. वैशाखात. नांदेडात.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. शहराबाहेरचं एक लॉन घेतलं होतं. लातूरहून ट्रॅव्हलर आल्या. मी दारात सज्ज. हातात बाटली आणि प्रयोगशाळेतून आणलेली काचेची कांडी. बोटानं अत्तर फासणं मला अशास्त्रीय वाटत होतं. कांडी बुडवायची आणि हाताच्या पाठीवर दीड इंचाची सरळ रेघ मारायची. पंचवीस वर्षं ब्युरेट भरणारा हात तो. सुरुवात घरच्यांपासून आणि स्वतःपासून केली. एक रेघ वाकडी गेली नाही.

पहिल्या गाडीतून कुसुमआत्या उतरल्या. हिरवी नारायणपेठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागून त्यांचे यजमान भाऊराव उतरलेले दिसले, मग गर्दीत कुठं गेले ते कळलं नाही. आत्यांनी हात पुढं केला. मी रेघ मारली. त्यांनी हात नाकाशी नेला. सुमननं माझ्या मागं श्वास रोखला.

"अगं बया!" आत्या म्हणाल्या. "काय वास हाय! प्रवासाचा सगळा शीण गेला की! इवाई, या हातालाबी लावा."

इवाई म्हणजे व्याही, म्हणजे मी. मी दुसऱ्या हातावरही रेघ मारली. सुमननं श्वास सोडला. मी मान वळवून तिच्याकडं असा काही पाहिलं, की विचारू नका. आयुष्यात इतका रुबाब मी तिच्यासमोर कधी केला नव्हता आणि आता कधी करणारही नाही.

दहा मिनिटांनी आत्या परत आल्या. "इवाई, वास कुठं गेला?"

सलाम संपला होता! मग काय, मी पुन्हा फेरी काढली. खुर्च्यांच्या रांगांमधून फिरून प्रत्येकाच्या त्याच रेघेवर दुसरी रेघ. अर्ध्या तासानं तिसरी. अंगठ्या घालून झाल्या, टाळ्या झाल्या, आणि ड्रोनवाला पुढं आला.

"सर, सगळ्यांना लॉनवर घ्या! बदामाचा आकार करू! वरून एक नंबर दिसतो!"

दुपारचे साडेबारा. सव्वाशे माणसं उघड्या लॉनवर बदामाच्या आकारात उभी राहिली. "उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवा!" ड्रोनवाला ओरडला. सव्वाशे हात खांद्यांवर गेले. सव्वाशे ओल्या रेघा सूर्याकडं तोंड करून बसल्या. आत्यांनी तर हौसेनं दोन्ही हात ठेवले.

पहिल्या फोटोत बदामाचा बटाटा दिसत होता. लोक सावलीकडं पळायला लागले. तेव्हा त्यांना कुणी अडवलं? मी! "थांबा, थांबा! आयुष्यात एकदाच होतं हे! पुन्हा घ्या!" ड्रोनची बॅटरी संपली, दुसरी घातली. वाऱ्यानं ते यंत्र भरकटलं, परत आणलं. पाऊण तास! शेवटी बदाम असा झकास आला, की मी स्वतः टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सुमनचा हात चुरचुरायला लागला. "कढईची कड लागली असेल," ती म्हणाली. माझाही चुरचुरत होता. मी म्हटलं, स्कूटर तापली असेल. तिसऱ्या दिवशी दोघांच्या हातावर लाल पट्टा, चौथ्या दिवशी तपकिरी. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कढई आणि स्कूटर एकाच मापाचा डाग कसा पाडतील, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या माणसाला पडला नाही!

मग दोन्ही घरांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लातूरहून एका हाताचा फोटो आला. "हे कशानं झालं असेल?" खाली दुसरा हात. "मलाबी हाय." तिसरा, चौथा. दुपारपर्यंत सत्तावीस हात! सगळ्यांवर तपकिरी रेघ, दीड इंच, सरळ. पाहताना मला क्षणभर स्वतःच्या हाताच्या स्थिरपणाचं कौतुक वाटलं. मग मी दिवाणावर बसलो.

संध्याकाळी ग्रुपवर आत्यांच्या पुतणीनं लिहिलं, "त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, लिंबू चोळून उन्हात बसला होतात का?"

मग मी वाचलं. कच्च्या लिंबाच्या सालीतल्या तेलात काही द्रव्यं असतात. ती अंगावर असताना कडक ऊन लागलं, की कातडी भाजते आणि डाग महिनोन्महिने राहतो. वाफेच्या तेलात ती जवळजवळ उतरत नाहीत. म्हणजे सुमननं जे मोरीत ओतलं ते गरीब बिचारं होतं, आणि मी जे व्याह्यांना मानानं लावलं ते डाग पाडणारं! हमीदभाईंकडं गेलो. त्यांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला.

"तुम्ही सांगितलं होतं," मी म्हणालो.

"हाव. तुमी कारन मागितलं होतं." त्यांनी माझ्या रेघेवर बोट ठेवलं. "हे घ्या कारन."

त्याच वेळी फोन वाजला. कुसुमआत्या! "इवाई, आमी उद्या सकाळी येऊन राहिलो. काही करू नका. नुसते घरी थांबा." आणि फोन बंद.

घरी कुणी जेवलं नाही. गौरी माझ्याजवळ येऊन बसली, तिनं तिचा हात माझ्या हाताशेजारी ठेवला. दोन रेघा, अगदी सारख्या. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला अभिजितशीच लग्न करायचंय हो." या पोरीला आयुष्यभर गाडी लागू नये म्हणून मी खिशात लिंबू बाळगलं, आणि त्याच लिंबानं तिची गाडी अडवून ठेवली होती.

सकाळी सुमननं विचारलं, "पोहे करू?"

"कर."

"गार का गरम?"

मी आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय घेतला. "कोमट!"

नऊ वाजता गाडी आली. पुढं आत्या, दोन्ही हात पदराखाली. मागं अभिजित. त्याच्याही मागं भाऊराव, मान खाली घालून. आत्या सोफ्यावर बसल्या. मी लगेच हात जोडले.

"आत्याबाई, चूक माझी एकट्याची आहे. जी शिक्षा द्यायची ती मला द्या. पोरीला देऊ नका."

"हात दाखवा," आत्या म्हणाल्या.

मी दाखवला. सुमननं दाखवला. गौरीनं, अभिजितनं दाखवला. आत्यांनी पदरातून स्वतःचे दोन्ही हात काढले, दोन ठसठशीत रेघा. मग त्या वळल्या.

"आता ह्यांचा बघा!"

भाऊरावांनी हात पुढं केला. गोरापान, स्वच्छ. रेघ नाही, ठिपका नाही. मला काही कळेना.

"छत्तीस वर्षं झाली लग्नाला!" आत्यांचा आवाज चढला. "हरेक कार्यातून हा मानूस गायब होतो. इचारलं की म्हनतो, मागच्या रांगेत बसलो होतो. मी मांडवात कुणाकुणाला इचारत फिरू? साखरपुड्याहून घरी आल्यावर मला काय म्हनले माहितीय? 'इवायांचं अत्तर लई झकास, अजून हाताला वास येऊन राहिला!'"

"कुठं होते मग?" सुमननं न राहवून विचारलं.

"मुदखेडला," भाऊराव जमिनीकडं बघत म्हणाले. "शाळेतला दोस्त हाय तिथं. मटन लई चांगलं करतो."

"छत्तीस वर्षांत पैल्यांदा घावले!" आत्यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की मी पाहतच राहिलो. "इवाई, तुमच्या अत्तरानं घावले!"

"म्हणजे... तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावले न्हाई? दोन दिवस तुमाला लई शिव्या दिल्या. हात चुरचुरायचा, पानी लावता येईना. अभिजितला म्हनलं, असल्या घरची पोरगी नगं, दुसरी बघू." गौरीनं माझी बाही धरली. आत्यांनी अभिजितकडं बोट केलं. "तर हा म्हनतो कसा, 'आत्या, माझ्या हातावर डाग, तिच्या हातावर डाग. आता अशी जोडी दुसरीकडं कुठं घावणार?'"

अभिजित कानापर्यंत लाल झाला. गौरी आत पळाली. सुमननं डोळ्यांना पदर लावला. मला त्या मुलाला उठून मिठी मारावीशी वाटली आणि मी मारली. आत्यांनी पोह्यांची बशी उचलली, एक घास घेतला आणि म्हणाल्या, "पोहे झकास कोमट हायेत. पन एक ऐका, लग्नात तुमी बाटलीला हात लावायचा न्हाई."

लग्न मार्गशीर्षात झालं, नांदेडलाच. मी खरोखर बाटलीला हात लावला नाही. दारात हमीदभाई उभे होते, चंदन आणि मोगरा घेऊन, आणि प्रत्येकाच्या बाहीला लावत होते. कुणालाही ते शिंपी वाटले नाहीत. मी शेजारी उभा राहून नुसता नमस्कार करत होतो. लातूरकर हमीदभाईंपुढं बाही करायचे आणि माझ्यासमोर आले की दोन्ही हात पाठीमागं घ्यायचे. लिंबू दहा मिनिटांत उडतं म्हणे! लातुरात मी बेस नोट होऊन बसलो होतो.

गौरीची रेघ अजून पुसटशी होती. मेंदीवालीनं विचारलं, झाकून टाकू का? गौरी नाही म्हणाली. मग त्या बाईनं रेघेची डहाळी केली आणि तिला मेंदीची पानं काढली. लिंबाचीच. मी ती पाहिली तेव्हा मला पाणी प्यायला जावं लागलं.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. लग्नाच्या चार दिवस आधी भाऊरावांचा फोन आला होता. "इवाई, मुदखेडला जेवन ठरलंय. दोन तासांत परत येतो. तेवढी एक रेघ मारून द्या की! डाग पडला म्हंजे मी मांडवातच होतो." (बाकी कुणाला या वेळी डाग पडणारच नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही.) व्याह्याचा शब्द कसा मोडायचा? मी उरलेल्या तेलाची छोटी कुपी कोटाच्या खिशात घातली आणि अक्षता पडल्या पडल्या खांबाआड त्यांच्या हातावर रेघ मारली. बाटलीला हात न लावण्याचं कबूल केलं होतं, कुपीबद्दल काही ठरलं नव्हतं. चार वाजता ते परतले, आणि उडालेल्या वासावर मी घाईघाईनं दुसरी रेघ मारली. आत्यांनी डाग पडायची वाट पाहिली नाही. हात उचलला, हुंगला आणि शांतपणे विचारलं, "मटनावर लिंबू कुणी पिळलं?"

मग पाठवणीची वेळ आली. मी ठरवलं होतं, रडायचं नाही. पोरगी लातूरला जातेय, काही चंद्रावर नाही. गौरी गाडीत बसली. आत्यांनी पिशवीतून काही तरी काढून तिच्या हातात दिलं. लिंबू होतं. "अभिजितनं सांगितलं, तुला गाडी लागते म्हनून. नाकाशी धर, आन माझ्या मांडीवर डोकं ठेव." मी खिशातून रुमाल काढला आणि दोन्ही डोळ्यांवर घट्ट दाबला.

भाऊरावांच्या गडबडीत कुपीचं बूच सैल राहिलं होतं. कुपी सगळी रुमालात उतरली होती.

"आई गं!" मी जी बोंब ठोकली ती गुरुद्वाऱ्यापर्यंत गेली असेल. डोळ्यांतून धारा. मी जागच्या जागी नाचत होतो. सगळा मांडव हेलावला. बायका हुंदके द्यायला लागल्या. आत्या पदरात तोंड लपवून म्हणाल्या, "बापाचं काळीज बघा! आईपरीस बाप रडून राहिला!" गौरी गाडीतून उतरून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. खरं सांगतो, पहिली दोन मिनिटं लिंबाची होती. पुढची माझी होती.

मला काही दिसत नव्हतं. कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. चंदनाच्या वासावरून कळलं, हमीदभाई आहेत. त्यांनी एकदा नाकानं हवा ओढली, माझ्या हातातला रुमाल हळूच काढून घेतला आणि कानाशी येऊन म्हणाले,

"सर, लिंबू जास्त झालं."